दीड दिवसाची लक्ष्मी

मी घड्याळं दुरुस्त करतो असं सांगितलं की हल्लीची माणसं माझ्याकडे अशी बघतात, जणू मी हत्तींना नाल ठोकतो असं म्हणालो. "अजून करतात का हो लोक दुरुस्त?" करतात. सेल बदलायला येतात, पट्टा बदलायला येतात, आणि अधूनमधून असं काही घेऊन येतात की मला स्टुलावरून उठून उभं राहावं लागतं. उभं राहणं ही माझ्या दुकानात साधी गोष्ट नाही. नगरच्या कापड बाजारामागच्या बोळात माझं दुकान आहे, रुंदी चार फूट. मी उभा राहिलो की डोक्यावरचं भिंतीचं घड्याळ हलतं आणि त्या दिवसापुरती दुकानाची वेळ बदलते.

या धंद्यात हात स्थिर लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोंड बंद लागतं हे कुणाला ठाऊक नसतं. एक निवृत्त मास्तर दर महिन्याला येऊन घड्याळ दहा मिनिटं पुढं लावून न्यायचे. चार दिवसांनी त्यांच्या सौभाग्यवती तेच घड्याळ पदराखाली आणायच्या आणि दहा मिनिटं मागं करून न्यायच्या. मास्तर म्हणायचे, "घड्याळ चांगलंय हो, पण महिन्याकाठी दहा मिनिटं मागं पडतं." मी गंभीरपणे मान हलवायचो. मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही आणि त्यांचा संसार वेळेवर चालला.

पण तोंड बंद ठेवण्याची खरी परीक्षा झाली ती काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. तीत मी पास झालो, पण त्यासाठी दीड दिवस कोंडून घ्यावं लागलं.

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. माझ्या समोरच बाबूशेठ सोनाराची पेढी आहे. आम्ही एका वर्गात होतो. तो गणितात हुशार म्हणून सोनार झाला, मी खोडकर म्हणून घड्याळवाला. दिवाळीत त्याच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि तरी तो स्वतः बोळ ओलांडून आला. मागे एक पंचविशीची बाई, तिच्या मागे हेल्मेट हातात धरून तिचा नवरा.

"हे घे," बाबूशेठ म्हणाला. "ही बाई म्हणते कडं बिघडलंय. तीस वर्षं सोनं विकतोय, बिघडलेलं कडं आजवर बघितलं नाही. कानाला लावलं, हलवलं, तर आत काहीतरी आहे. आत काहीतरी आहे म्हणजे ते तुझं."

"बिघडलं म्हंजी," बाई हळूच म्हणाली, "बोलत न्हाई."

"कडं बोलत नाही?"

"दरसाली बोलतंय. यंदाच न्हाई बोललं."

मी तिच्या नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. घरात आईचा विषय निघणार असं दिसलं की बरेच नवरे छताकडे बघतात, हे मी ओळखून आहे.

तिनं पिशवीतून पितळी डबा काढला, डब्यातून लाल फडकं आणि फडक्यातून ते. मी उभा राहिलो. भिंतीचं घड्याळ हललं.

घरात त्याला 'मडमेचं कडं' म्हणत. कडं कसलं! सोन्याच्या तारांची विणलेली पट्टी होती, हातात घेतली तर रेशमासारखी घसरणारी. मध्ये पाकळ्यापाकळ्यांचं फूल, आणि फुलात पांढरे खडे दाटीवाटीनं बसवलेले. "काचा हायेत," ती म्हणाली. बाबूशेठ माझ्या कानात म्हणाला, "हिरे आहेत. जुन्या घडणीचे. तिला सांगितलं तर ती म्हणते, आत्याबाई काचा म्हणतात तर काचाच." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

ती अश्विनी. माहेर अकोले तालुक्यातल्या डोंगरातलं, सासर शनिशिंगणापूरच्या शिवारातल्या वस्तीवर. नवरा संतोष. त्याला दूध आणि गाई, आणि गाई आणि दूध, एवढंच जग. लग्न होऊन सहा महिने झालेले. कड्याची कहाणी तिनं सांगितली ती अशी: संतोषची आजी सुईण होती. फार पूर्वी जवळच्या एका साखर कारखान्यावर यंत्रं बसवायला कुणी परदेशी साहेब आला होता. त्याची मडम बाळंतपणात अडली, डॉक्टर वेळेत पोचेना, आणि आजीनं तिची सुटका केली. मडमेनं जाताना हातातलं काढून आजीच्या हातात घातलं आणि इंग्रजीत खूप काहीतरी सांगितलं. आजीनं सगळ्याला 'व्हय, व्हय' म्हटलं.

मग पहिल्या दिवाळीत, धनत्रयोदशीला, आजीनं इतर दागिन्यांबरोबर ते रांगोळीनं घासलं, देवापुढं ठेवलं आणि ते बोलायला लागलं. बारीक, भरभर, छुनछुनछुन. जशी लांबवर कुणाची तरी पैंजणं वाजावीत. आजी म्हणाली, लक्ष्मी आली. पहाटेपर्यंत वाजत राहिली, मग गेली. पुढच्या वर्षी घासलं, पुन्हा आली. आजीनं हे काम सुनेला दिलं, म्हणजे आत्याबाईंना. त्यांनी चाळीसएक वर्षं केलं. लक्ष्मी एकदाही चुकली नाही.

तुम्ही म्हणाल, टिकटिक ऐकून घड्याळ आहे हे कळू नये? तुमच्या भिंतीवरचं घड्याळ सेकंदाला एकदा टक् करतं, ते कुणीही ओळखेल. बायकांच्या चिमुकल्या चावीच्या घड्याळाचं चाक सेकंदाला पाचेक वेळा हलतं आणि आवाज मुंगीच्या पावलांएवढा. तो सोन्याच्या झाकणाखालून आला तर पैंजणंच वाटतील. मलाही वाटली असती. शिवाय लक्ष्मी दारात आली असताना तिला उलटून बघायची कुणाची छाती होते?

"दारात म्हणजे तसं दार न्हाई आमच्यात," संतोष पहिल्यांदाच बोलला. "चौकट हाय, उंबरा हाय. पूर्वीपासून फळ्या न्हाईत. म्हनून समदी वस्ती अंगनात येती ऐकायला."

"आणि यंदा?"

"यंदा आत्याबाईंची बोटं आखडली," अश्विनी म्हणाली. "म्हनल्या, आता तू घास. मी घासलं. लई घासलं, काका. समदी वस्ती बसली हुती. घटकाभर झाली, दोन घटका झाल्या..."

"बोललं नाही."

"न्हाई."

तिनं मान खाली घातली. उरलेलं संतोषनं सांगितलं. अश्विनी डावखुरी. आईला ते पहिल्यापासून खटकायचं. भाकरी डाव्या हातानं थापते, वाढते डाव्या हातानं, आणि ह्या डाव्या हातानंच तिनं लक्ष्मी घासली. "डाव्या हातानं घासली, म्हनून गेली," एवढंच आई म्हणाली, पण सगळ्या अंगणापुढं म्हणाली. लक्ष्मीपूजनाला अजून एकदा घासू द्यायचं तिनं कबूल केलं आहे. नाहीच बोललं, तर अश्विनीनं भाऊबीजेला माहेरी जायचं. कडं बोलेल तेव्हा निरोप येईल.

"आणि निरोप नाही आला तर?"

संतोष पुन्हा छताकडे बघायला लागला. सोनाराला दाखवून आणतो, सोनं नासलंय का बघतो, असं सांगून दोघांनी कडं बाहेर काढलं होतं.

मी डोळ्याला भिंग लावलं. माझं भिंग डोळ्यात बसलं की माझा चेहरा फार विद्वान दिसतो, असं मी आरशात बघून ठरवलेलं आहे. फुलाच्या कडेला दोन खडे बाकीच्यांपेक्षा किंचित उंच होते. अशा घड्याळांबद्दल मी माझ्या उस्तादांकडून ऐकलं होतं. तिकडे म्हणे मेजवानीत बाईनं वेळ बघणं असभ्य समजत. म्हणून बडे दागिने घडवणारे डायल झाकणाखाली लपवायचे. बाईनं केस सावरल्यासारखं करायचं, झाकण उघडायचं, वेळ बघायची, मिटायचं. आपल्याकडे पाहुणा उठत नसेल तर आपण उघड उघड घड्याळाकडे बघून जांभई देतो. तिकडे तेवढ्यासाठी हिरे लागायचे.

दोन्ही खडे चिमटीत दाबले. टक्. फूल उघडलं.

आत चण्याएवढं डायल, सुईच्या टोकाएवढे काटे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला घडवणाऱ्याची सही कोरलेली. नाव मोठं आहे. सांगणार नाही, कारण त्या घराला अजूनही दार नाही.

"आगं आई," अश्विनी म्हणाली. मग पुन्हा, "आगं आई गं!" आणि तोंडावर हात धरून हसायला लागली. संतोष हसला नाही. "मला ल्हानपनीच शंका हुती," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"कुनाला? आईला?"

मागची बाजू उलटली. अशा घड्याळांना बाजूला चावी नसते, दागिन्याचं रूप जातं म्हणून. चावी मागे असते, एक सपाट चकती. बोटाच्या टोकानं फिरवायची की आतली स्प्रिंग आवळली जाते. म्हणजे रांगोळीनं घासता घासता अंगठा चकतीवरून गोल गोल फिरायचा आणि त्या घराची लक्ष्मी दरवर्षी चावी देऊन यायची! चार-पाच फेरे बसायचे, तेवढ्यावर पहाटेपर्यंत चालायची. मी मशीन उघडलं. तेल वाळून राळ झालेलं, रांगोळीचे कण, पण तुटलेलं काही नाही, गंजलेलं काही नाही. चकती फिरवली. लगेच चालू.

आता मी चक्रावलो. चालू असलेलं घड्याळ दुरुस्त करणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रकार.

"ताई," म्हटलं, "तुम्ही काल कसं घासलंत? तसंच घासून दाखवा."

तिनं माझं पिवळं फडकं घेतलं, डाव्या हातात. आणि घासायला लागली, गोल गोल. उजव्या हाताचा माणूस ज्या बाजूनं फिरवेल त्याच्या बरोबर उलट. चकती उलटी फिरली की नुसती घसरते, स्प्रिंगला पत्ताही लागत नाही. तिनं लाख फेरे घातले असते तरी लक्ष्मी हलली नसती.

मी इतका हसलो की भिंग डोळ्यातून निसटून गल्ल्यावर पडलं. मग सगळं समजावून सांगितलं. वाटलं, आता ही पण हसेल. ती पांढरी पडली.

"म्हंजी आत्याबाईंचंच खरं की," ती म्हणाली. "डाव्या हातामुळंच झालं."

या धंद्यात मी बरीच निदानं केली, पण रोग्याच्या सासूच्या बाजूनं निघालेलं हे पहिलंच.

"मी येतो," म्हटलं. "आत्याबाईंना झाकण उघडून दाखवतो. घड्याळ आहे म्हटल्यावर कसला हात आणि कसली लक्ष्मी?"

"नका, काका," ती चटकन म्हणाली. "घड्याळ हाय म्हनलं तर वस्तीत काय हुईल? इतकी वर्सं लक्ष्मी यायची, अश्विनी आली आन तिचं घड्याळ झालं. मंग तर मला माहेरूनबी बोलवायचं न्हाईत."

हे मला सुचलं नव्हतं. खरं बोलून तिचीच पंचाईत होणार होती.

"मग उजव्या हातानं घासा. सरळ बसेल."

तिनं डावा हात पालथा करून बघितला. "आमच्याकडं भात लावताना डावखुरी बाई रांगेच्या टोकाला उभी करत्यात, हाताला हात लागू नये म्हनून. तिथं कुनी म्हनलं न्हाई हात बदल. उजव्यानं घासून वाजलं तर जलमभर उजवाच. न्हाई काका. ह्याच हातानं वाजवायचंय."

मला ही पोरगी तिथल्या तिथं आवडली. मग काय, माझ्या चार फुटी दुकानात तालीम सुरू झाली. डावा अंगठा, उलट्या दिशेनं. पहिल्यांदा तिचा हात ऐकेना, पाच फेऱ्यांनंतर सवयीनं मूळ वाटेवर यायचा. संतोष मोजत होता. बाबूशेठ गिऱ्हाईकं सोडून मधूनमधून डोकावत होता. दुपारपर्यंत तिला जमलं.

मी त्या दिवशी सगळी कामं बाजूला सारून ते मशीन पूर्ण खोललं. माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान. एकेक चाक धुतलं, चाकं ज्यांवर फिरतात त्या आतल्या एकेका खड्याला सुईनं तेलाचा थेंब दिला. थेंब कसला, थेंबाची आठवण. एवढ्या वर्षांत असं मशीन हाती आलं नव्हतं आणि पुन्हा येणारही नव्हतं. संध्याकाळी ते असं पळायला लागलं की कानाला लावून मी डोळे मिटून बसलो.

आणि इथं मी चूक केली. घड्याळवाल्याखेरीज कुणी करणार नाही अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी कडं परत देताना मी तिला, प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो तेच सवयीनं सांगितलं: "फुल चावी द्यायची. अंगठा अडेपर्यंत."

त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला मी वस्तीवर जायचं ठरवलं ते उगीच नव्हे. ऐन वेळी ती घाबरली तर जवळ कुणी असावं. शिवाय, खरं सांगतो, असा प्रयोग चुकवणारा माणूस मी नव्हे. गणेशोत्सवात वीस वर्षं तोंडाला रंग लावलेला आहे. भूमिका ठरली: सोनाराकडचा माणूस. बाबूशेठनं आपली जुनी काळी टोपी दिली. आमच्या सौ.ला म्हटलं, "दिवे लागले की निघतो, जेवायला घरी." तिनं टोपीकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. वीस वर्षं नाटकं बघितली होती तिनं.

अंगणात पन्नासेक माणसं बसली होती. चौकटीत दिवे. आत्याबाई देवापुढं पाटावर, बारीक, ताठ, साठीच्या पुढच्या. बोटं खरंच वाकडी झालेली.

"तुमी सोनाराकडचं का?" त्यांनी विचारलं.

"होय मावशी. सोनं अगदी निर्मळ आहे. फासा जरा ढिला होता, तो आवळला."

"आत येऊन बसा मंग. बाकीच्यांनी भाईर ऱ्हावा."

संतोष मला डोळ्यानं काहीतरी खुणावत होता. मला वाटलं, 'वा, मान दिला' असं म्हणतोय. मी उंबरा ओलांडला आणि मांडी घालून बसलो.

अश्विनी पुढं आली. रांगोळी घेतली. आणि सगळ्यांसमोर कडं उजव्या हातात धरून डावा अंगठा त्याच्या पाठीवर टेकवला. अंगणातून कुजबुज आली. आत्याबाईंचे ओठ मिटले.

"हात बदल," त्या म्हणाल्या.

"न्हाई, आत्याबाई. एकडाव ह्याच हातानं."

विंगेतल्या प्रॉम्प्टरसारखा मी मनातल्या मनात फेरे मोजायला लागलो. तिचा अंगठा फिरत होता. एक, दोन, पाच. सहाव्या फेऱ्याला तो सवयीच्या वाटेकडे वळायला लागला, मी खोकलो, तो परत फिरला. फिरतच राहिला. अडेपर्यंत. तिनं कडं देवापुढं ठेवलं आणि हात मागे घेतला.

छुनछुनछुनछुन.

असं स्वच्छ त्या घरात ते पूर्वी कधी वाजलं नसणार. अंगणात शेवटच्या माणसापर्यंत पोचलं. बायकांनी हात जोडले. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले.

मी पाच मिनिटं भक्तिभावानं बसलो आणि उठलो. "येतो मावशी."

"कुटं?" त्यांनी डोळे उघडले. "लक्ष्मी घरात हाय. ती असस्तवर आतलं भाईर जात न्हाई. केरसुनी लागत न्हाई, उसनं जात न्हाई, आतलं मानूस उंबरा वलांडत न्हाई. गोठा घरातच, आत गनला जातो, तेवढं चालतंय. पहाटं जाती ती. मंग जावा."

संतोष मघाशी हेच खुणावत होता.

मी खाली बसलो. पहाटेपर्यंत, ठीक आहे, एक रात्र. आणि मग मनात हिशोब झाला. पूर्वी वाळलेलं तेल, चार-पाच फेरे. आता ताजं तेल, फुल चावी. हे मशीन छत्तीस तास चालणार होतं. माझ्या हातच्या कामाबद्दल इतकी खात्री मला पूर्वी कधी वाटली नव्हती आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. परवा सकाळपर्यंत! उद्या पाडवा!

सकाळ झाली. लक्ष्मी वाजतच होती. गाईंच्या धारा काढल्या आणि संतोष किटल्या उचलून निघाला.

"ठिव खाली," आत्याबाई म्हणाल्या.

"आई, डेअरीची गाडी यील."

"दूध म्हंजी लक्ष्मीच. ती आत असताना दूध भाईर घालतूस व्हय रं?"

पूर्वी हा प्रश्न कधी आलाच नव्हता, लक्ष्मी गाडीच्या आधी जायची. पाच गाईंचं दूध घरात राहिलं. दुपारी बासुंदी झाली. संध्याकाळच्या धारांनंतर खवा झाला, खिरीचं पातेलं चढलं. बाहेर काही द्यायचं नाही म्हणून वस्तीतल्या पोरांना आत बोलवून पाजावं, तर आत आलेलं बाहेर जाणार नाही म्हणून त्यांच्या आया सोडेनात. मी एकट्यानं किती प्यायलो ते आकड्यात सांगत नाही. आजही बासुंदी समोर आली की माझ्या कानात पैंजणं वाजतात.

सौ.चा फोन आला. पाडवा, ओवाळायचं ताट तयार, मी नाही. मी गोठ्यात जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्हीच दुरुस्त केलेलं घड्याळ बंद पडत नाही म्हणून तुम्हाला घरी येता येत नाही," ती म्हणाली.

"हो."

"अहो, मग बंद करा की!"

करता आलं असतं. आत्याबाईंचा जरा डोळा लागला तर एका नखाचं काम होतं. दुपारी तसा डोळा लागलाही. मी कड्याकडे सरकलो. अश्विनी समोर खवा हलवत होती. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मी परत जागेवर आलो.

तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, डोळे मिटलेलेच, "मी पैल्यांदा घासलं तवा वाजलं, आन सासूबाई मला म्हनल्या, भागू, बस हितं. त्येच्या आधी दोन वर्सं ए पोरी म्हनायच्या." थोडं थांबून म्हणाल्या, "नाव घेतलं माजं."

मी काळी टोपी काढून मांडीवर ठेवली. झाकण उघडून दाखवायचा जो काही किडा माझ्यात वळवळत होता, तो तिथं मेला. आता मात्र लिहितोय. अश्विनीला विचारून, नावं बदलून. ती म्हणाली, "लिवा की. आत्याबाई दिवाळी अंक वाचत न्हाईत. आन कुनी वाचून दाखवला, तर म्हनतील, दुसऱ्या कुनाचं तरी कडं आसंल, आमची लक्ष्मीच हाय." खरं काय ते न सांगितल्याची रुखरुख मला अजून आहे. वेळ बरोबर दाखवायची, हाच माझा धंदा. आणि आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम मी झाकण लावून परत दिलं.

भाऊबीजेची सकाळ. तिसऱ्या धारा निघाल्या होत्या, घरात रिकामं भांडं उरलं नव्हतं. आवाज मंद होत गेला. छुन... छुन. मग नाही.

आत्याबाई देवाकडे बघत बसल्या होत्या. त्यांच्या वाकड्या बोटांवर काहीतरी मोजणं चाललं होतं.

"माझ्या हातानं एक रात ऱ्हायची," त्या म्हणाल्या. "सासूबाईंच्या हातानंबी एकच रात. ह्या पोरीच्या हातानं दोन राती आन मधला दीस ऱ्हायली."

मी छताकडे बघायला लागलो. संतोष आधीच बघत होता.

"अश्विने," त्या म्हणाल्या, "इकडं आन तुजा हात. त्यो न्हवं. त्यो."

तिनं डावा हात पुढं केला. आत्याबाईंनी तो उलटापालटा करून बघितला, बाजारात एखादी नवी वस्तू बघावी तसा. मग सोडला.

"भाऊबीजेला जा. भाऊ यील न्यायला. पर उद्या सांजच्याला म्हागारी ये, धारा हायेत." आणि संतोषला, "ते दूध घाल आदी डेअरीला, बघतूस काय!"

अश्विनीनं पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या हातानं किटली उचलली. कोणत्या हातानं, ते आता कुणी बघत नव्हतं.

मी टोपी घातली आणि उंबऱ्याकडे वळलो. "थांबा, सोनारदादा, बिनच्याचं जाता व्हय," म्हणत आत्याबाई स्वतः उठल्या. मी परत मांडी घालून बसलो. चहात पाण्याचा थेंब नव्हता, दुसरं काय असणार? कपबशी उजव्या हातात घेऊन त्या आल्या, माझ्यासमोर थांबल्या, काहीतरी विचार केला, आणि कपबशी डाव्या हातात घेऊन माझ्यापुढं धरली.

त्या हाताला सवय नव्हती. अर्धा चहा माझ्या मांडीवर सांडला. भाजलं. मी जागचा हललो नाही, दोन्ही हातांनी कप घेतला आणि म्हटलं, "फक्कड झालाय, मावशी."